एका पंगतीत शिकवलेलं नागरिकशास्त्र : कर्मवीर भाऊराव पाटील

सप्टेंबर उजाडला की आपल्या भागातल्या शेकडो हायस्कुलांत कर्मवीर जयंतीची गडबड सुरू होते. पांढरी दाढी, अंगात खादी, पाय अनवाणी, असा अण्णांचा फोटो ट्रॅक्टरवर सजवून प्रभातफेरी निघते. लेझीम होतं, वक्तृत्व स्पर्धा होते. पोरं घडाघडा बोलतात : जन्म २२ सप्टेंबर १८८७, गाव कुंभोज, रयत शिक्षण संस्था १९१९, गाव काले, पद्मभूषण १९५९. सगळं बरोबर. पण ह्या तारखांच्या मधल्या काळात ह्या माणसानं पोरांना नेमकं काय शिकवलं, ते मात्र भाषणात बहुतेक वेळा राहूनच जातं.

शाळा काढणारे पुष्कळ झाले. भाऊरावांचं वेगळेपण असं की त्यांनी आधी वसतिगृह काढलं, शाळा नंतर. आणि त्या वसतिगृहाच्या चुलीपाशी पोरांना जे शिकायला मिळालं, त्याला आज आपण नागरिकशास्त्र म्हणतो. आता तो विषय इतिहासाच्या पुस्तकाला जोडून येतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मार्कांपुरता वाचला जातो. समता, बंधुता, श्रमाचा मान हे शब्द पाठ होतात. भाऊरावांच्या पोरांना हे शब्द पाठ नव्हते. त्यांच्यापुढं ताट होतं, आणि शेजारी कोण बसलाय हे त्यांना दिसत होतं.

कुंभोजचा दांडगा पोरगा

कुंभोज म्हणजे हातकणंगले तालुका, बाहुबलीच्या डोंगराजवळचं गाव. ते भाऊरावांचं आजोळ. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जैन शेतकरी. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळं बदली होईल त्या गावी बिऱ्हाड जायचं. पोरगा अंगानं दांडगा. कुस्ती, पोहणं, मल्लखांब ह्यात रमणारा, अभ्यासात बेताचाच. वळवळ्या आणि हट्टी. अन्याय दिसला की ह्याचं डोकं फिरायचं.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट जुनी माणसं सांगतात. एका सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्य माणसं पाण्यासाठी ताटकळत उभी होती. त्यांनी रहाटाला हात लावायचा नाही, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, अशी रीत. पोरानं हे बघितलं आणि तो रहाटच मोडून टाकला. आम्हाला नाही तर तुम्हालाही नाही, असला तो बालिश हिशेब होता. रहाट मोडून तहानलेल्यांना काही पाणी मिळालं नसणार. पण ती चीड खरी होती. पुढं १९५० साली राज्यघटना आली आणि तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, रस्ते सगळ्यांना खुले असल्याचं लिहिलं गेलं. कुंभोजच्या ह्या पोराला ते कलम वाचावं लागलं नाही.

बोर्डिंगमधून बाहेर

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले. राहायला जैन बोर्डिंगात. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचा कारभार. महाराजांनी खेड्यातली पोरं शहरात टिकावीत म्हणून एकामागून एक वसतिगृहं काढली होती, पण त्या काळाला धरून ती जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठीही मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी आंघोळ करून मग आत यायला सांगितलं. विटाळ झाला होता ना! भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला. झालं, बोर्डिंगमधून त्यांची हकालपट्टी झाली.

लठ्ठे काही लहान माणूस नव्हते. शिकलेले, बहुजनांच्या शिक्षणासाठी झटणारे, महाराजांच्या जवळचे. तरीही बोर्डिंगचा नियम म्हटल्यावर त्यांनी नियम चालवला. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

बोर्डिंग सुटल्यावर भाऊरावांना शाहू महाराजांच्या आश्रयाला राहायला मिळालं. तिथं अभ्यास फारसा झाला नाही. इंग्रजी सहावीच्या पुढं गाडी सरकली नाही आणि शाळा कायमची सुटली. पण महाराजांचं वागणं त्यांनी रोज जवळून पाहिलं. राजा असून कुणाच्या घरचं खातो, कुणाला शेजारी बसवतो, कुणाला कामावर ठेवतो, हे सगळं ते बघत होते. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा महाराजांनी १९१७ मध्ये केला, तो पुढचा भाग. पण शिक्षण हे सरकारनं गरिबाला घातलेली भीक नव्हे, ते त्याच्या हक्काचं आहे, हा विचार भाऊरावांनी उचलला तो कोल्हापुरातच.

मग ते साताऱ्याला आले. पोट भरण्यासाठी शिकवण्या घेऊ लागले आणि लोक त्यांना मास्तर म्हणायला लागले. ह्याच काळात वर्गाच्या बाहेर बसून शिकावं लागणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या नजरेला पडला. आत शिक्षक शिकवणार आणि हा दाराबाहेरून ऐकणार. भाऊरावांनी त्याला हाताला धरलं, त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. त्या मुलाचं नाव ज्ञानदेव घोलप. हाच मुलगा पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूकनायक पत्राचं काम बघू लागला आणि मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून जाऊन बसला. ज्याला वर्गात बसू दिलं नाही, तो कायदे होतात त्या सभागृहात बसला. भाऊरावांना शिक्षणातून काय हवं होतं हे समजायला एवढं एक उदाहरण पुरे.

खोटी साक्ष देणार नाही

१९१४ साली कोल्हापुरात इंग्रजी राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. मोठी खळबळ उडाली. पोलिसांना माणूस हवा होता, आणि काही मंडळींना ह्या निमित्तानं अण्णासाहेब लठ्ठ्यांना अडकवायचं होतं. साक्षीदार म्हणून कोण सोयीचा? ज्याला लठ्ठ्यांनी बोर्डिंगमधून हाकललं होतं तो भाऊराव पाटील. जुना राग असणारच, असा पोलिसांचा हिशेब. लठ्ठ्यांच्या विरोधात साक्ष दे म्हणून दबाव आणला गेला. भाऊरावांनी नकार दिला. मग त्यांनाच अटक झाली, कोठडीत हाल झाले. माणूस शरीरानं आणि मनानं पार मोडून जावा अशी वेळ आली. पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगायचं नाही, ह्यावर ते शेवटपर्यंत ठाम राहिले. अखेर त्यांना सोडून द्यावं लागलं.

ही गोष्ट भाऊरावांच्या चरित्रात एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. मला ती फार मोठी वाटते. गावात राहणाऱ्याला साक्षीची किंमत माहीत असते. बांधाच्या भांडणात, मारामारीत, निवडणुकीच्या राड्यात खरं बोलायला कोण उभं राहतं? आपला माणूस असला की दिसलेलं दिसत नाही, आणि ज्याच्याशी वाकडं त्याच्याविरुद्ध न दिसलेलंही दिसतं. कायद्यासमोर सगळे सारखे हे वाक्य पुस्तकात सोपं आहे. ज्यानं आपला अपमान केला त्याच्या वाट्यालाही खरा न्याय आला पाहिजे, म्हणून स्वतः कोठडी सोसायची, हे अवघड आहे. पुढं हजारो पोरांना वळण लावणाऱ्या माणसानं ही परीक्षा आधी स्वतः दिली होती.

नांगर विकता विकता

त्यानंतरची काही वर्षं भाऊरावांनी फिरतीच्या विक्रेत्याची नोकरी केली. ओगलेवाडीचे कंदील विकले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, त्याच्याशी बोलायचं, लाकडी नांगरापेक्षा हा कसा बरा ते पटवायचं. ह्या फिरतीत त्यांनी गावंच्या गावं पायाखाली घातली. सावकाराचा कागद वाचता येत नाही म्हणून अंगठा उठवणारा, तलाठ्यासमोर हात जोडून उभा राहणारा, कोर्टातली तारीख कळत नाही म्हणून खटला हरणारा शेतकरी त्यांनी जवळून बघितला. त्या काळी मुंबई इलाख्यात कायदेमंडळासाठी मत द्यायचा हक्क असायचा तो ठराविक सारा भरणाऱ्यांना, मालमत्ता असणाऱ्यांना. बाकी रयतेला कुणी विचारत नव्हतं. संस्थेच्या नावात रयत हा शब्द आला तो ह्या भटकंतीतून आला असणार, असं मला वाटतं.

पुढं धनजीशा कूपर यांच्या बरोबर साताऱ्यात नांगराचा कारखाना उभारण्यातही भाऊरावांनी घाम गाळला. शिक्षणाच्या कामाला कारखान्यातून हातभार मिळेल ही त्यांची आशा होती. ती पुरी झाली नाही, आणि त्यांनी तो नाद सोडला.

त्याआधीच, १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली होती. मागे सत्यशोधक समाजाचा विचार होता. महात्मा फुल्यांनी विद्येविना काय काय गेलं ते मांडून ठेवलं होतंच. काल्याला वसतिगृह सुरू झालं. १९२४ मध्ये संस्थेचं मुख्य ठाणं साताऱ्याला आलं आणि तिथं सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उघडलं. हे वसतिगृह साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत नांदलं.

चूल एक, ताटं सारखी

आता खरी गोष्ट इथं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

१९२४ सालचं गाव डोळ्यांपुढं आणा. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. पाणवठा वेगळा. देवळात प्रवेश नाही. लग्नाच्या पंगती जातवार. चहाच्या हॉटेलात बाहेर वेगळी कपबशी. अशा गावांतून आलेली दहा-बारा वर्षांची पोरं एका आवारात राहायला आली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, धनगर, सगळी. चूल एकच. भाकऱ्या थापायच्या पोरांनीच, पाळीपाळीनं. पाणी आणायचं पोरांनीच. झाडलोट, भांडी, शेण, सगळं पोरांनीच. आज भाकरी कुणी थापली हे विचारायची सोयच नाही, कारण उद्या आपली पाळी. एखाद्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या हातची भाकरी खाल्ली ती इथं.

शाहू महाराजांच्या जातवार वसतिगृहांवर ही टीका नव्हे. त्यांनी दार उघडलं तेव्हा आत यायला लोक तयार व्हावेत म्हणून ते तसं उघडावं लागलं. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं आणि मधल्या भिंती काढल्या. हे पाऊल कमी धोक्याचं नव्हतं. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतला बाप आपला पोरगा ह्या पंगतीत पाठवताना दहादा विचार करणार, आणि भावकी त्याला टोचून खाणार, हे उघड होतं. धान्य आणि पैसा देणारी माणसंही ह्याच समाजातली. तरी भाऊरावांनी पंगत वेगळी केली नाही.

ह्या पद्धतीतून पोरांना न सांगता तीन-चार गोष्टी कळत होत्या. एक तर हातानं काम केल्यानं कुणी हलका होत नाही. दुसरं, सगळ्यांचं मिळून जे धान्य आहे ते सगळ्यांना पुरवायचं, म्हणजे आपण जास्त घेतलं तर शेजारच्याला कमी पडतं. तिसरं, नियम जो ठरला तो पाटलाच्या पोरालाही आणि बलुतेदाराच्या पोरालाही. आता मला सांगा, ग्रामपंचायत चालवायला ह्याहून वेगळं काय लागतं?

धान्य यायचं कुठून? गावागावांतून. बाया दळण दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि ते गोळा होऊन वसतिगृहाला यायचं. ह्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या घरात स्वतःला पुरेसं नव्हतं त्या घरातूनही मूठ यायची. म्हणजे पोरगं कुणाचंही असो, जेवण गावाचं होतं. ह्या मुठीमुळं पोरांवर एक ओझंही येत होतं, की आपण शिकतोय ते लोकांच्या दाण्यावर.

वहिनी

आणि मूठ जिथं कमी पडली तिथं लक्ष्मीबाई होत्या. भाऊरावांच्या पत्नी, पोरांच्या वहिनी. खात्यापित्या जैन घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्यानं घरात अठरापगड जातींची पोरं आणून बसवली, तेव्हा आधी त्यांना जड गेलं असेल तर नवल नाही. पण एकदा मनावर घेतल्यावर त्यांनी मागं बघितलं नाही. आजारी पोराच्या उशाशी बसल्या, न्हाऊ घातलं, वाढलं. अंगावरचा एकेक डाग मोडत गेला. शेवटी वसतिगृहात दाणा नाही म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या वारल्या, तेव्हा संस्थेला नाव आणि पैसा मिळायचा होता.

जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा फोटो बाजूला असतो. खरं तर ह्या सगळ्या कामात निम्मा वाटा त्यांचा आहे. आणि एक बोच उरतेच : ते पहिलं वसतिगृह मुलांचं होतं. ज्या बाईच्या सोन्यावर पोरं शिकली, तिच्यासारख्या घरातल्या मुलींची पाळी बऱ्याच उशिरा आली. पुढं संस्थेनं मुलींसाठी शाळा काढल्या, शिक्षिका तयार केल्या. पण सुरुवात मागून झाली हे मान्य करायला हरकत नाही.

गांधीजी आले, नाव दिलं

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र जेवतात, एकत्र राबतात, हे पाहून गांधीजी खूश झाले. त्यांनी पुढं हरिजन सेवेच्या निधीतून बोर्डिंगला मदतही मिळवून दिली. भाऊरावांनी खादी धरली ती कायमची.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. गांधीजी आणि बाबासाहेबांमधल्या ह्या कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं. करार पुढाऱ्यांनी कागदावर केला होता. भाऊरावांनी त्याची खोल्या आणि पंगत केली.

मास्तर तयार करणं

एक वसतिगृह चालवणं वेगळं आणि जिल्हाभर शाळा चालवणं वेगळं. शाळा बांधता येईल, पण डोंगरातल्या वाडीवर जाऊन राहणारा मास्तर कुठून आणायचा? शहरातला मास्तर शनिवारी दुपारी जो पळायचा तो सोमवारी उगवायचा. हे दुखणं आजही सरलं आहे असं नाही. भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं विद्यालय सुरू केलं. खेड्यातलीच पोरं घ्यायची, त्यांना वसतिगृहाच्या त्याच शिस्तीत वाढवायचं आणि मास्तर करून परत खेड्यात पाठवायचं. पुढं त्यांनी डोंगरकपारीतल्या गावांतून पाचशेच्या वर प्राथमिक शाळा उघडल्या. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या कुठल्या कुठल्या वाड्यांवर पहिली पाटी ह्या मास्तरांनी पुसली.

बंधुतेचा धडा देणारा मास्तर स्वतः दलित वस्तीतल्या पोराला वेगळा बसवत असेल तर धडा वाया गेला. म्हणून भाऊरावांचा सगळा जोर मास्तरावर. जो मास्तर स्वतः सगळ्यांच्या पंगतीत जेवून मोठा झाला, त्याला पोरांना वेगळं बसवायचं सुचतच नाही.

कमवा आणि शिका

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, राहायची सोय आहे, पण राबावं लागेल. १९४७ मध्ये ह्याच धर्तीवर छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलांनी माळरान खणलं, शेती केली, माती-दगड वाहिले, इमारती उभ्या केल्या. सकाळी हातात फावडं, दुपारी वही. ह्यात नुसता पैसा वाचवायचा विचार नव्हता. फुकट मिळालेलं शिक्षण माणसाला मिंधं करतं अशी भाऊरावांची धारणा होती. मिंधा माणूस मत देताना, बोलताना, हात वर करताना समोर कोण बसलाय ते बघतो. कमावून शिकलेल्या पोराला कुणाची मेहेरबानी सांभाळायची नसते. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात तेव्हा ह्याचा अर्थ नीट कळतो.

ह्या काळातली एक गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात. एका धनवंतानं कॉलेजला मोठी देणगी द्यायची तयारी दाखवली, अट एकच : कॉलेजला शिवाजी महाराजांच्या जागी दुसरं नाव द्यायचं. संस्थेला पैशाची कायम ओढ होती. तरी भाऊरावांनी ती देणगी नाकारली. बापाचं नाव एकवेळ बदलेन, महाराजांचं बदलणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले म्हणतात.

ह्या बोर्डिंगातून निघालेल्या पोरांची यादी मोठी आहे. गरिबीतून आलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण नावाजलेली माणसं मोजण्यात फार अर्थ नाही. जास्त मोठा आकडा आहे तो गावी परत गेलेल्यांचा : सोसायटीचे सचिव, मास्तर, पोस्टमन, सरपंच, तलाठ्याला कायदा दाखवणारे शेतकरी.

अनुदान बंद पडलं तेव्हा

स्वातंत्र्य आलं. आता आपलं सरकार, आता काय अडचण, असं कुणालाही वाटलं असतं. पण भाऊरावांची जीभ तशीच राहिली. जे चुकीचं वाटलं ते त्यांनी जाहीर सभेत बोलून दाखवलं, सरकारवर टीका केली. मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. शेकडो मास्तरांचे पगार, हजारो पोरांची सोय, सगळं टांगणीला लागलं.

इथं एक सोपा रस्ता होता. मुंबईला जायचं, दोन शब्द मवाळ बोलायचे, गैरसमज झाला म्हणायचं आणि अनुदान घेऊन परत यायचं. संस्था चालवणाऱ्याला असं वागावंच लागतं असं आपण आज सहज म्हणतो. भाऊराव तसे वाकले नाहीत. लोकांकडं गेले. ज्यांनी मूठ मूठ धान्य दिलं होतं त्यांनीच पुन्हा हात दिला. शेवटी संत गाडगे महाराज मधे पडले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना गाडगेबाबांविषयी आदर होता. बाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढं १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाबांचं नाव कॉलेजला, ही गोष्टही भाऊरावांनाच सुचावी.

सरकार परक्याचं असताना बोलणं धाडसाचं होतं. सरकार आपलं असताना, आणि आपली गरज त्याच्या हातात असताना बोलणं, हे त्याहून कठीण. वसतिगृहातल्या पोरांनी त्या वर्षी जे पाहिलं ते कुठल्या धड्यात बसणारं नव्हतं.

त्या पंगतीचं पुढं काय झालं

१९५१-५२ मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. जमीन किती, सारा किती, अक्षर येतं का, काही विचारायचं नाही. १९२४ ला दहा-बारा वर्षांचं असलेलं पोरगं तेव्हा चाळिशीला पोचलं होतं, बायकामुलांचं झालं होतं. मतदान केंद्रावरच्या रांगेत सगळ्या जाती एकामागं एक उभ्या राहिल्या. काहींना हे नवीन वाटलं असेल. धनिणीच्या बागेत भाकरीसाठी रांग लावलेल्यांना नवीन वाटलं नसणार.

आज शाळाशाळांतून बालसंसद असते, मुख्यमंत्री-शिक्षणमंत्री निवडले जातात, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते, परिपाठात ती म्हटलीही जाते. चांगलंच आहे. पण ज्या शाळेत शालेय पोषण आहार शिजवणारी बाई कुठल्या जातीची आहे ह्यावरून पालक कुजबुजतात, तिथं उद्देशिका कितीही सुरात म्हटली तरी पोरं कुजबुज आधी शिकतात. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असले पाहिजेत आणि सभासदांत निम्म्या महिला. आपल्या गावातल्या किती जणांना ह्या समितीत कोण आहे हे ठाऊक आहे? सभा होते की सह्या फिरवल्या जातात? मुष्टिफंडाच्या काळात गावाला शाळेबद्दल जितकं माहीत असायचं तितकं आज हातात मोबाईल असूनही माहीत नसतं. दाणा आपला गेला की हिशेबही आपण विचारतो, त्यातलं हे आहे.

भाऊरावांचं शेवटचं वर्ष मानसन्मानाचं गेलं. १९५९ मध्ये केंद्र सरकारनं पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं सन्मानाची डी. लिट. पदवी दिली. इंग्रजी सहावीला अडकलेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वांत मोठी पदवी. शरीर तोवर थकलेलं होतं. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. साताऱ्यात अंत्ययात्रेला लोक लोटले.

तेवीस दिवसांनी, १ जून १९५९ ला, मुंबई ग्रामपंचायत अधिनियम अमलात आला. १ मे १९६२ ला साताऱ्याच्याच मातीतल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात जिल्हा परिषदा आल्या. गावोगावच्या आणि तालुक्यातालुक्यांच्या खुर्च्यांवर बसायला, ठराव लिहायला, जमाखर्च वाचायला एकदम हजारो माणसं लागली. सातारा-सांगलीकडं त्यातली कित्येक माणसं रयतच्या बोर्डिंगातून भाकऱ्या थापून आलेली होती.